कडेची चार बोटे

मी रेसिंग ट्रॅकचा एक जुना लाकडी नमुना आहे. मित्रांनो, आज माझ्या अंगावर नट-बोल्टचे डबे ठेवलेले दिसतात, पण एके काळी मला पाहायला बँकेतली माणसे हातातली कामे टाकून उठली होती.

माझा जन्म एका गॅरेजच्या मागच्या खोलीत झाला. हे गॅरेज दोन भावंडांचे, त्यांच्या वडिलांनी उभे केलेले. भाऊ गाड्या दुरुस्त करत आणि सुट्टीला लांबच्या ट्रॅकवर जाऊन शर्यतीत पळवत. थोरली बहीण अक्का हिशोब सांभाळी आणि अकरा कामगारांचे पगार वेळेवर देई. आपला स्वतःचा ट्रॅक बांधायचा, असे भाऊंच्या डोक्यात बसले. त्यांच्या डोक्यात एकदा काही बसले की पाना लावूनही ते निघत नसे.

सुतारकाकांनी तीन आठवडे खपून मला घडवले. प्लायवूडची जमीन, काळ्या रंगाचा रस्ता, रंगवलेल्या भुशाचे गवत आणि काड्यापेटीतल्या काड्यांची, दोन हजार माणसांची गॅलरी. माझ्यावरचे एक बोट म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. शेवटच्या वळणाबाहेर काकांनी वाळूचा रुंद पट्टा चिकटवला होता. खऱ्या ट्रॅकवर तिथे खडी पसरतात. ताबा सुटलेली गाडी त्या खडीत रुतते आणि थांबते.

बँकेत जायच्या दिवशी मी गाडीच्या मागच्या दारातून आत जाईना. चार बोटे जास्त भरत होतो.

“कुठून कापू?” काकांनी विचारले.

“त्या कडेनं कापा. तिकडे नुसती वाळूच तर आहे,” भाऊ घाईघाईने म्हणाले.

करवत फिरली. मला दुखले नाही; मी लाकूड. दुखले असते आणि ओरडता आले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

बँकेच्या बाईंनी माझे तोंडभरून कौतुक केले आणि कर्ज मात्र अर्धेच दिले. उरलेल्यासाठी भाऊंनी भागीदार गाठले. टायरच्या व्यापाऱ्यांना फाटकावर आपली पाटी हवी होती. ती लागली. हॉटेलवाल्यांना गॅलरीशेजारी हॉटेल हवे होते. तेही चिकटले. मग डांबर महागले, ठरवलेली जमीन माती तपासल्यावर भुसभुशीत निघाली, खर्च दीडपट झाला आणि दोघांनीही काढता पाय घेतला. पाटी निघाली, हॉटेल निघाले, डिंकाचे डाग तेवढे माझ्याकडे राहिले.

दर बदलाला नवा नकाशा लागे आणि इंजिनिअर त्याचे वेगळे पैसे मागत. तिसऱ्या वेळी भाऊंनी हात आखडता घेतला. त्यांनी माझ्यावरच दोरा धरून मापे घेतली आणि त्या मापांनी जमीन खरेदी केली. कापलेली चार बोटे कोणाच्या ध्यानातही नव्हती. मला आठवत होती, पण लाकडाला विचारतो कोण?

डांबराचा शेवटचा थर राहिला असताना तपासणी अधिकारी आले. शेवटच्या वळणाबाहेर बारा पावले चालले आणि कुंपणाला टेकले.

“इथून गाडी सुटली तर थांबणार कुठे?”

भाऊंनी त्यांना ट्रॅकशेजारच्या ऑफिसात आणून माझ्यासमोर उभे केले. अधिकाऱ्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवले.

“ही कड नंतर कापलीय,” ते शांतपणे म्हणाले.

भाऊंच्या तोंडचे पाणी पळाले. कुंपणापलीकडच्या जमिनीचा मालक आता तिप्पट भाव सांगत होता. गहाण टाकायला गॅरेजखेरीज काही उरले नव्हते, आणि गॅरेज गेले तर अकरा घरांची चूल विझणार होती.

“अक्का, सही कर. दोन वर्षांत सोडवतो.”

“आणि नाही सुटलं तर? बाबांचं गॅरेज आहे रे हे.”

“सही नाही केलीस तर वळण आत घ्यावं लागेल. सरळ रस्ता तोकडा होईल. मोठ्या शर्यती कधीच येणार नाहीत इथे.”

“तुझा ट्रॅक आहे. तूच ठरव. सही मागितलीस तर करीन मी,” अक्का म्हणाली.

भाऊ दुपारभर माझ्यापाशी बसून राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने काड्यांची गॅलरी उचकटली, काळा रस्ता पात्याने खरवडला आणि वळण चार बोटे आत रंगवले. कड मोकळी झाली, तिथे त्यांनी वाळू चिकटवली. त्यांचे डोळे भरून आले होते. अक्काने कर्जाचे कागद घडी घालून कपाटात टाकले.

सहा महिन्यांनी छोटा ट्रॅक सुरू झाला. पहिली फेरी अर्थातच भाऊंची. मी ऑफिसाच्या खिडकीत होतो. शेवटच्या वळणावर हौसेने वेग जास्त झाला, गाडी घसरली, खडीत शिरली आणि कुंपणापासून दोन हातांवर थांबली. अक्का चपला टाकून धावली. भाऊ धूळ झटकत बाहेर आले.

“नीट मोजलं होतंस ना?” तिने धापा टाकत विचारले.

“मोजलं होतं. या वेळी जमिनीवर.”

आता तिथे नवशिके गाडी चालवायला शिकतात आणि मी इथे गॅरेजात फळीवर डबे सांभाळतो. तक्रार नाही. मित्रांनो, माझ्यासारख्यांची धूळ कधीतरी पुसा, कौतुकही करा, पण आमच्यावरून माप घेऊ नका. आणि काही कापायची वेळ आलीच, तर तिकडे नुसती वाळू आहे असे म्हणण्याआधी ती वाळू तिथे कोणासाठी ठेवली आहे, एवढे विचारा.