डावा हात वर होईना

मी ब्राफीच्या खोलीतला जुना कोच बोलतोय. गोड बोलता येत नाही मला, आधीच सांगून ठेवतो. शाळा बघितली नाही. जे पाठीवर पडलं तेवढंच शिकलो.

जन्म माझा कुमासी शहरातला, सुआमे भागातल्या गॅरेजांतला. एक ट्रोट्रो, म्हणजे माणसं कोंबून नेणारी भाड्याची गाडी, झाडाला धडकली. माणसं वाचली, गाडी गेली, पुढची सीट तेवढी धड राहिली. एका वेल्डरने तिला लोखंडी पाय लावले, पाठ मागे पडेल अशी कळ बसवली, वर तपकिरी रेक्झिन चढवलं आणि म्हणाला, "झाला कोच!" ती कळ आजही किरकिरते. कामच तसं केलंय मेल्याने.

पहिला मालक न्हावी. त्याच्या गिऱ्हाइकांनी माझ्या बुडाला च्युइंगम चिकटवलं. डोळ्यांना दिसत नाही ती घाण नाहीच, असा माणसाचा हिशेब. पुढे न्हाव्याने नवी चकचकीत खुर्ची आणली आणि मला दाराबाहेर टाकलं. तिथून ब्राफीने मला उचललं.

ब्राफी संमोहनाने उपचार करतो. त्याच शहरात, बांटामाच्या बाजारात, वरच्या मजल्यावर त्याची खोली. लोक त्याला डॉक्टर म्हणतात, तो नाही म्हणतो, कुणी ऐकत नाही. मन खचलेली माणसं येतात. तो त्यांना माझ्यावर निजवतो, हळू हळू बोलतो, त्यांचे डोळे मिटतात, श्वास लांबतो. जादू वगैरे काही नाही. घाबरलेलं अंग कसं लागतं आणि सैल पडलेलं कसं लागतं, ते मला विचारा.

एके दिवशी आंटी फ्रेमा आली. रस्त्यापलीकडे तिची फुफूची खानावळ; फुफू म्हणजे उकडलेले कंद उखळात कुटून केलेला मऊ गोळा. आख्खं बांटामा तिथे जेवायचं आणि तिच्या शिव्या खायचं. कुणी बोट न चाटता उठला तर, "का रे, घरी बायको चांगलं करते वाटतं?" म्हणून सगळ्यांसमोर विचारायची. ती बाई सहा-सात महिने गप्प. घरात कुणी मेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. मन खचलं, बस. खानावळीला कुलूप. इस्पितळातून गोळ्या सुरू होत्या, तिथल्याच नर्सबाईंनी तिला ब्राफीकडे पाठवलं होतं.

घरच्यांची बैठक झाली होती. ईस्टरनंतरही आंटी उभी राहिली नाही, तर गाळ्याची किल्ली कोनामा नावाच्या बाईला द्यायची. ती तिथे मोबाईलची कव्हरं विकणार. आंटीने 'द्या' म्हणून मान हलवली म्हणे. एकदा किल्ली गेली की ही बाई कायमची अंथरूण धरणार, हे मलासुद्धा कळत होतं.

बरोबर धाकटा भाऊ ओदुरो. तोंडाळ प्राणी. येऊन थेट माझ्या हातावर बसला. कोचाच्या हातावर बसणाऱ्यांना मी माणसांत धरत नाही.

"ताई, जपून हं," तो म्हणाला. "डोळे मिटलेस की हा तुझ्या तोंडून सगळं काढून घेईल. मी पाद्रीबुवांची कोंबडी पळवली होती तेसुद्धा."

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे," आंटी म्हणाली. पण आवाजात जीव नव्हता.

ब्राफी म्हणाला, "आंटी, ही झोप नाही. कान उघडेच राहतात. नको वाटलं तर उठून चालू लागायचं. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. माझं काम गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या जागी नाही."

मग ओदुरोला जिन्यात पिटाळून त्याने सुरुवात केली. आंटीचे खांदे उतरले, मान कलली. छान चाललं होतं. तेवढ्यात ब्राफीने शिकवणीत पाठ केलेली वाक्यं काढली. "तुमचा डावा हात हलका होतोय... पिसासारखा... आपोआप वर येतोय."

कसला येतोय! त्या हाताने माझं रेक्झिन असं घट्ट धरलं की शिवण उसवायची वेळ आली.

पुढल्या खेपेला तेच, त्याच्या पुढल्याही खेपेला तेच. ब्राफी जास्त गोड बोलायला लागला आणि माझी शिवण खरोखरच उसवली. आंटी घरी जाताना म्हणायची, "माझ्यात काही उरलंच नाही, बाबा. हातसुद्धा ऐकत नाही." ईस्टर जवळ आला होता. कोनामा म्हणे रंगाऱ्याशी बोलून ठेवत होती.

मग एका खेपेला तो हात सुटला. चार बोटं वर आला, आणि आंटीने उजव्या हाताने त्याला फाडकन चापट मारून खाली बसवला. डोळे टक्क उघडे.

"अरे ब्राफी, तुझ्या तोंडावर डावा हात उगारायला लावतोस मला? तुझ्या आईने ऐकलं तर काय म्हणेल? फ्रेमाने माझ्या लेकाला डावा दाखवला म्हणेल!"

ब्राफीचा चेहरा बघण्यासारखा झाला. इथे डाव्या हाताने मीठ कुणी देत नाही, रस्ता कुणी दाखवत नाही. नाइलाजाने डावा पुढे करावा लागला, तर आधी माफी मागतात. हा इथलाच पोरगा, डाव्या हाताने पाव घेतला म्हणून आजीचा मार खाल्लेला. पण धडा आला परमुलखातून, आणि याने तो जसाच्या तसा गिळला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"इतके दिवस मी हाताशी भांडतेय! तू म्हणतोस वर, मी म्हणते गप बस. घाम फुटायचा मला!"

आणि ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून. मी किरकिरलो, ब्राफी हसला, जिन्यातून ओदुरो धावत आला, "काय झालं? कोंबडीचं निघालं का?" मग तर ती गदागदा हसायला लागली.

हसून झाल्यावर ब्राफीने पुन्हा सुरुवात केली, या वेळी उजव्या हाताने. तो अलगद वर आला, थोडा थांबला, आणि हवेतच वळायला लागला. ओंजळ केली, दुमडलं, थापटलं, बोटं काढून घेतली. पुन्हा दुमडलं, थापटलं, काढलं. उखळात मुसळ पडायच्या आत फुफूचा गोळा उलटायचा, ते काम. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता. काही उरलं नाही म्हणे! ब्राफी हळूच म्हणाला, "हात विसरलेला नाही, आंटी. तुमच्या मनाला दमानं येऊ द्या त्याच्या मागून."

एका दिवसात बरी झाली असं मी सांगणार नाही, खोटं होईल. वाईट दिवस आलेच. पण ती येत राहिली, घरी रोज थोडा वेळ स्वतःच डोळे मिटून बसायला शिकली. आधी नुसती गाळ्यात जाऊन बसली. मग उखळ घासलं.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी कोनामा माप घ्यायला टेप घेऊन आली. ओदुरो वर येऊन हातवारे करत सांगत होता, "ताई बसलीय उखळापाशी, कोपरापर्यंत फुफू! वर न बघता म्हणते, माप मग घे गं, आधी हात धुऊन जेवायला बस. वाळून काटकी झालीयस."

कोनामा जेवली. दोनदा वाढून घेतलं. किल्लीचं नाव कुणी काढलं नाही.

आंटी अजून कधीमधी येते, मन जड झालं की. लाजत नाही. माझी मात्र स्प्रिंग गेलीय, एक पाय लंगडतो, आणि ब्राफी नव्या कोचाची भाषा करतो. करू दे. मी हटणार नाही.

बाकी तुमच्याशी फार बोललो. आता उठा. जिन्यात मघापासून कुणीतरी उभं आहे, दोन पायऱ्या चढतंय, एक उतरतंय. नवीन माणूस असाच येतो. तुम्ही खाली जाताना त्याच्याकडे रोखून बघू नका. नुसतं म्हणा, "वर जागा आहे."