पटावरून कमी

भाऊजींचं टायरचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं, पण ते बसायचे शिक्केवाल्याच्या रबरी शिक्क्यांच्या दुकानात. चहा इथला, पंखा इथला आणि ऐकून घ्यायला मेव्हणा इथला. वाक्याची सुरुवात ठरलेली असायची, "मी कर भरतो." त्यावरून शिक्केवाल्यानं त्यांचं नाव 'करदाते' ठेवलं आणि ते गल्लीभर पसरलं. पन्नाशी आली तरी शिक्केवाल्याच्या अंगातली खोड जात नव्हती.

"बिनकागदी माणसं," भाऊजी म्हणायचे, "कुठून येतात, कशी येतात, कोणाला पत्ता नाही. आणि पोरं आपल्या शाळेत. बाक माझा, खडू माझा, मास्तर माझा."

"मास्तरीण तर नक्कीच तुमची," शिक्केवाला म्हणाला. "त्या पोरांना शिकवल्याचा पगार तुमच्याच घरात येतो की."

ताई, म्हणजे शिक्केवाल्याची थोरली बहीण आणि भाऊजींची बायको, त्याच सरकारी शाळेत सातवीला शिकवायची. भाऊजी त्याच शाळेच्या समितीवर. दर सभेला ठराव मांडायचे, कागद नसलेल्यांची पोरं काढा. ठराव पडायचा. मग ते येऊन शिक्केवाल्याचं डोकं खायचे.

एका शनिवारी डोकं जरा जास्तच खाल्लं गेलं. भाऊजी गेल्यावर शिक्केवाल्यानं खुर्ची पुढे ओढली आणि एक फतवा टाइप केला. कलम एक: ज्यांच्या पालकांकडे रहिवासाचे कागद नाहीत, अशा विद्यार्थ्यांना सोमवारपासून वर्गात बसता येणार नाही. ही भाऊजींसाठी गुळाची ढेप. कलम दोन: शाळा आपल्या करावर चालते असे म्हणणाऱ्यांनी आपले पणजोबा या गावात कोणत्या परवान्यावर आले, याचा पुरावा पंधरा दिवसांत सादर करावा. ही गुळातली मिरची. खाली साहेबांची सही आणि शिक्षण कार्यालयाचा गोल शिक्का. तो त्यानं इतका बारकाईनं केला होता की जुन्या शिक्क्याची डावीकडची झिजलेली कडसुद्धा तशीच उतरली होती. आपल्याच कामावर तो खूश झाला. पोरं घरी गेल्यावर जाऊन कागद शाळेच्या फाटकाला चिकटवून आला.

सोमवारी मजाच मजा. भाऊजी सकाळी फाटकाशी उभं राहून कलम एक दोनदा वाचून आले, छाती फुगवून. दुपारी कोणीतरी कलम दोन दाखवलं. संध्याकाळी तोंड पडलेलं.

"पणजोबांचं काही आहे का हो तुमच्याकडे?" शिक्केवाल्यानं अगदी साळसूदपणे विचारलं.

"असणार. ट्रंकेत असणार."

ट्रंकेत निघाली एक चष्म्याची डबी आणि लग्नातला ग्रुप फोटो. भाऊजी तीन दिवस नोंदणी कार्यालयाच्या रांगेत उभे. चौथ्या दिवशी कळलं, पणजोबा आले तेव्हा परवाना नावाची चीजच नव्हती. आले, राहिले, झालं. भाऊजींनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. तिथल्या कारकुनानं शिक्केवाल्याला सांगितली आणि शिक्केवाल्यानं सगळ्या गल्लीला. आठवडाभर हसून हसून त्याच्या बरगड्या दुखत होत्या.

त्या आठवड्यात जिनेवाली आली नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

इमारतीचे जिने झाडणारी ती बाई सकाळी सातला त्याच्या शटरसमोरून खराटा ओढत जायची. "दादा, पाय वर," म्हणायची, आणि तो मुद्दाम पाय खाली ठेवायचा. तिची मुलगी सातवीत, ताईच्या वर्गात. ताई सांगायची, फळ्यावर गणित पूर्ण लिहून व्हायच्या आत त्या पोरीचं उत्तर तयार असतं.

नवव्या दिवशी ताई दुकानात आली. बसली नाही.

"तू केलंस ना?"

"काय?"

"मला शिकवू नकोस. लहानपणी बाबांची सही करायचास, तशीच आहे ती नोटिशीवरची. माझ्या वर्गातून चार पोरं गेली. शाळेतून अकरा."

"अगं, कलम दोन वाचलं की कोणालाही कळेल गंमत आहे म्हणून."

"कलम दोनपर्यंत कोण वाचतं? त्यांनी शिक्का पाहिला आणि सामान बांधलं. पंधरा दिवस सलग गैरहजर राहिलं की नाव पटावरून कमी होतं. जिनेवालीच्या पोरीचं नाव पहिलीत घातलं तेव्हा कोणी कागद मागितले नव्हते. आता एकदा कमी झालं की परत घालताना मागतील. कळतंय तुला?"

त्याला कळलं. बरगड्या दुखायच्या थांबल्या.

तो तडक शाळेत गेला. नोटीस फाडून टाकायची, संपला विषय. पण फाटकावर नोटीस नव्हतीच. ती आत होती, काचेच्या फळ्यात, कुलपाखाली. शाळेच्या कारकुनाची एक सवय होती, शिक्का असलेला कागद दिसला की त्याला आवक क्रमांक द्यायचा. सोमवारी सकाळी त्यानं फाटकावरून कागद काढला, क्रमांक टाकला, रजिस्टरात चढवला आणि वर 'कार्यवाही झाली' असा शेरा मारून कार्यालयाला पोचही पाठवली.

"काढ तो," शिक्केवाला म्हणाला.

"काढायला रद्द केल्याचा आदेश लागतो. ज्यांनी काढला त्यांचाच."

"त्यांनी काढलाच नाही."

"मग रद्द कोण करणार?" कारकुनानं अगदी मनापासून विचारलं.

खोटं कबूल करायचं तर सरकारी शिक्का बनवल्याचा गुन्हा. दुकान जाईल, कदाचित आतही जावं लागेल. शिक्केवाल्यानं दोन दिवस यावर विचार करण्यात घालवले. हे दोन दिवस त्यानं पुढे स्वतःला कधी माफ केले नाहीत. बाराव्या दिवशी समितीची सभा होती, तिथे जाऊन तो उभा राहिला.

"ती नोटीस मी केली. शिक्का माझा, सही माझी. खोटी आहे."

मग हेडसर हसले. मग सगळेच. कोणीतरी टेबलावर थाप मारली.

"मामा, आता पुरे हं," एक जण शिक्केवाल्याला म्हणाला. "मागे पाण्याच्या टाकीत मगर सोडलीय, असंही तुम्हीच सांगितलं होतं."

"ती गंमत होती. हे खरं आहे."

"तेव्हाही असंच म्हणालात."

भाऊजी मात्र हसत नव्हते. त्यांनी मेव्हण्याकडे बघितलं आणि शिक्केवाल्याला स्पष्ट दिसलं, यांचा विश्वास बसलाय. त्या खोलीत त्यांचा एकट्याचाच. पणजोबांच्या परवान्यासाठी लावलेली सगळी रांग त्यांच्या डोळ्यांत उभी होती.

"समजा केली असेल यानं," भाऊजी सावकाश म्हणाले. "कागद खोटा असेल, पण त्यात चूक काय आहे? पोरं गेली, कोणी तक्रार केली? वर्गात हवा खेळायला लागली. मी म्हणतो, कलम दोन काढा, निव्वळ चावटपणा आहे तो. कलम एक ठेवा."

हात वर झाले. ठराव पहिल्यांदाच पास झाला. ताई दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती की भावाकडे, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

जिनेवाली दोन बस बदलून जावं लागेल अशा वस्तीत, एका धुलाई कारखान्याच्या मागे सापडली. हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे, वाफ, ओली फरशी. पोरगी मोठ्या टेबलाशी उशांचे अभ्रे घडी करत होती. कोपऱ्याला कोपरा, झटका, घडी. हात भलतेच जलद.

"बाई, ती नोटीस मी केली होती. गंमत म्हणून," तो म्हणाला. "माझ्या भाऊजींची जिरवायची होती."

जिनेवालीनं एक गठ्ठा पुढे ओढला.

"जिरली का?" तिनं विचारलं.

शिक्केवाल्यानं बोटांवर दिवस मोजले.

"तीन दिवस राहिलेत. उद्या पाठवा तिला. मी स्वतः फाटकाशी उभा राहतो."

"तुम्ही उभे राहणार, आणि आत कोण राहणार?" ती गठ्ठा सोडत म्हणाली. "आता तर ठराव झालाय म्हणे. कळतं इकडे सगळं. साबण घेते, काडेपेटी घेते, त्यावर कर कापतात. तेव्हा कोणी कागद विचारत नाही दादा. पण तिला फाटकातून कोणी हाताला धरून बाहेर काढलं, तर ते मला बघवणार नाही."

पोरीनं घडी थांबवली, मागच्या खोलीत गेली आणि शाळेची पाच पुस्तकं घेऊन आली. सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं.

"ही शाळेची आहेत," ती म्हणाली. "बाईंना द्या. गणिताच्या पुस्तकाचं मागचं पान आधीपासूनच फाटलेलं होतं, ते मी नाही फाडलं. तेवढं सांगा."

सोळाव्या दिवशी शिक्केवाला पुस्तकं घेऊन शाळेत गेला. कारकुनानं ती मोजून घेतली, फाटलं पान नोंदवलं, मग पटाचं मोठं रजिस्टर उघडून पोरीच्या नावावर पट्टी ठेवली आणि लाल रेघ ओढली.

"नाव कमी करण्याचं कारण?" त्यानं विचारलं.

"लिही, माझ्यामुळे."

कारकून हसला. "मामा, तुम्ही पण ना," म्हणाला, आणि रकान्यात लिहिलं, 'स्वेच्छेने'.