जांभळीहून येणारं जाळं

मित्रांनो, जरा मान वर करा. खांबावर तिरकी झालेली, रंग उडालेली, कावळ्यांनी पांढरी करून ठेवलेली ही जुनी फळी म्हणजे मी. बास्केटबॉलची फळी. माझ्या पोटाशी ही लोखंडी कडी आहे ना, तिच्यातून चेंडू जायचा. आता नुसता वारा जातो.

माझा जन्म प्रवरेच्या उत्तर काठावर, निंबगावात झाला. सहादू सुतारांनी मला सागाच्या फळ्या जोडून केलं. आयुष्यभर त्यांनी तिफणी, दारं आणि पाळणे केले होते. बास्केटबॉल त्यांना कुठून ठाऊक असणार? "चेंडू वरून टाकायचा आन खालून सांडू द्यायचा? मग टाकायचा तरी कशाला?" असं ते रंधा मारता मारता विचारायचे. पण काम मात्र चोख केलं. माझी कडी त्यांनी बैलगाडीच्या चाकावरची जुनी लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, कापून लोहाराकडून घडवून घेतली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासारखीच आणखी एक फळी उभी राहिली. आम्ही दोघी सतत एकमेकींसमोर होतो, पण भेट कधीच झाली नाही.

त्या काळी आमच्या भागात पगारी खेळाडूंची लीग भरायची. निंबगावच्या जिनिंग मिलचा संघ होता, नदीपलीकडच्या जांभळीच्या साखर कारखान्याचा होता, आणखी चार होते. तीन संघ अ गटात, तीन ब गटात. निंबगाव आणि जांभळी दोन्ही अ गटात. त्यामुळे दिवाळीनंतर जांभळीची पोरं नावेतून नदी ओलांडून आमच्याकडे खेळायला यायची. लीगची एक रीत होती, पाहुण्या संघाने कडीला बांधायचं जाळं आणायचं आणि यजमान गावाने त्यांना जेवू घालायचं.

जांभळीचं जाळं गोरक्षनाथ विणायचा. तो त्यांचा सगळ्यात उंच खेळाडू. अंबाडीची सुतळी ओली करून तो एकेक गाठ अशी आवळायचा की चेंडू आत गेला की सपकन आवाज व्हायचा. त्या आवाजाला टाळ्या पडत. मला वाटायचं टाळ्या माझ्यासाठीच आहेत. वाटू द्या, त्यात कुणाचं काय गेलं?

पण ते जाळं खरं तर चांगुणासाठी असायचं. चांगुणा ही गोरक्षनाथची थोरली बहीण. ती आमच्या आबासाहेबांची सून. आबासाहेब मिलच्या संघाचे प्रमुख, आणि त्यांचं घर मैदानाला लागूनच. माझं तोंड थेट त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे आहे, म्हणून मला सगळं माहीत.

चांगुणाच्या लग्नात घोळ झाला होता. व्याह्यांना पहिला फेटा बांधायचं काम गोरक्षनाथकडे होतं. तो तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने मांडवातला उंचापुरा, मिशाळ गृहस्थ बघितला, हेच व्याही असं समजून त्याला फेटा बांधला. तो निघाला वऱ्हाडातला गाडीवान. बुटके आबासाहेब बोडक्या डोक्याने शेजारी उभे! लोक हसले. तेव्हाच आबासाहेबांनी ठणकावून सांगितलं, "त्या पोराचा पाय माझ्या उंबऱ्याला लागायचा न्हाई." चांगुणालाही माहेरी धाडणं बंद. आईवडील गेलेले, माहेर म्हणून हा एक भाऊच. चांगुणाचे मालक बापापुढे तोंड उघडत नसत.

भाऊबीजेला त्याला दार बंद होतं, पण सामन्याला कोण अडवणार? पाहुण्या संघाची पंगत माझ्या सावलीत बसायची आणि चांगुणा वाढायची. भावाच्या पानाशी आली की तिचा हात जड व्हायचा.

"अक्का, बास की. खेळायचंय मला."

"खा गुमान. वरीसभर वाढायचं ऱ्हायलंय."

सामना झाला की दुसऱ्या दिवशी ती काठीने जाळं उतरवायची आणि त्याचं शिंकं करून स्वयंपाकघरात टांगायची. दह्याचं मडकं त्यात. ज्या भावाला उंबरा बंद, त्याच्या हातच्या गाठी घराच्या मधोमध लोंबत होत्या, आणि आबासाहेब रोज त्यातलंच दही भाकरीशी खात होते. मला फार गंमत वाटायची.

मग एकाहत्तर साली लीग वाढली. राहात्याचा आणि नदीच्या उगमाकडच्या अकोल्याचा असे दोन नवे संघ आले. आठ संघांचे चार-चारचे गट नव्याने पाडायचे म्हणून सगळे कारभारी माझ्याखाली सतरंजी टाकून बसले. कुणीच ब गटात जायला तयार होईना. आबासाहेब तर उठून उभे राहिले. "आमी ब मधी? एकदा बोडक्यानं उभं केलं तेवढं बास झालं!"

चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी कुणीतरी तोडगा काढला. अ नको, ब नको. नदीच्या उत्तर तीराचा एक गट, दक्षिण तीराचा दुसरा. कुणी खाली नाही, कुणी वर नाही. मग अकोल्याला कुठल्या तीरावर धरायचं यावर वाद झाला आणि ते आमच्या गटात आलं. सगळ्यांचा मान राहिला. सगळे खूश होऊन घरी गेले. हाकेच्या अंतरावरची जांभळी आता दुसऱ्या गटात गेली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चांगुणाच्या मात्र आलं.

त्या दिवाळीनंतर अकोल्याची पोरं जीपने आली. घाट उतरून, धुळीने माखून, भली पोरं. त्यांनी दुकानातलं नायलॉनचं जाळं आणलं होतं. त्यातून चेंडू गेला तरी आवाज होत नव्हता. चांगुणाने त्यांना पोटभर वाढलं, पण तिची नजर नदीकडे होती.

आता एकच आशा उरली. आमचा संघ गटात पहिला आला होता. दोन्ही गटांतल्या पहिल्यांचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता; जांभळी त्यांच्या गटात पहिली आली, तर ती इथे खेळायला येणार होती. जांभळीच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी चांगुणाने पंगतीचं पीठ चाळायला घेतलं. तेवढ्यात मिलच्या फोनवर निरोप आला की जांभळी एका बास्केटने हरली. तिने चाळलेलं पीठ परत डब्यात ओतलं. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. कापूस नाही, मिल थांबली, लीग बंद पडली आणि खेळाडू पोटामागे पांगले. समोरच्या माझ्या जोडीदारणीला उतरवून कुणाच्या तरी गोठ्याचं दार केलं. मैदानात मी एकटी उरले. दिवसभर कुणी फिरकायचं नाही. प्रवरा आटली. जिच्यामुळे गट पडले होते, ती नदी नुसती वाळू होऊन पडली.

एका दुपारी चांगुणाच्या घरातलं शिंकं तुटलं. मडकं फुटल्याचा आवाज मला इथे ऐकू आला.

"नवं शिंकं आन बाजारातून," आबासाहेब म्हणाले.

"मामंजी, तसलं बाजारात मिळत न्हाई."

"का? सोन्याचं हुतं का?"

"माझ्या भावाच्या हातचं हुतं. तुमी सात-आठ वर्सं त्याच्यातलंच दही खाताय."

आबासाहेब अर्ध्या जेवणावरून उठले. मग बाहेर आले. बराच वेळ माझ्याखाली उभे राहून रिकाम्या कडीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता लीग पुन्हा सुरू करतात! त्यांनी काठी उचलली आणि कोरड्या पात्रातून पलीकडे चालू लागले.

उन्हं कलली तेव्हा दोघे जण परत येताना दिसले. आबासाहेबांच्या डोक्याला नवा फेटा होता आणि मागे गोरक्षनाथ, खांद्यावर विणलेलं जाळं टाकून. माझी कडी नुसती शहारली. तो सवयीने माझ्याखाली थांबला. उडी मारून त्याने कडीला हात लावला, जाळं खांद्यावरून काढलं.

"हितं कशाला थांबला?" आबासाहेब म्हणाले. "घर तिकडं हाय."

तो घराकडे गेला. दारातून चांगुणाच्या रडण्याचा आणि हसण्याचा एकदमच आवाज आला.

मित्रांनो, मला त्याचा आनंद झाला, अगदी खरा. पण आता गोरक्षनाथ दिवाळीला येतो तो सरळ घरी जातो. जाळं सरळ स्वयंपाकघरात टांगलं जातं. बहिणीला भावाची वाट बघायला माझ्या सावलीची गरज उरली नाही.

उद्या तुम्ही मोठे व्हाल, संघांचे गट पाडायला बसाल. तेव्हा आपला मान कुठे बसतो हे बघण्याआधी, कोण कुणाकडे जेवायला येतं तेवढं विचारून घ्या. आणि घरी जुनी सुतळी असेल तर एक जाळं विणून आणा. गाठी सैल असल्या तरी चालतील. चेंडू नसला तर चिंध्यांचा करा. मी अजून पडलेली नाही.