पुन्हा जोडते

"थांबा हं, चूक माझी झाली. पुन्हा जोडते."

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा सहा वर्षांची होते आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीखाली, आईच्या पायाशी, दप्तर उशाला घेऊन पडले होते. शाळा लवकर सुटली की आई मला तिथंच आणून बसवायची. वर फळीला भोकंच भोकं, प्रत्येक भोकाशी एक इवलासा दिवा, आणि आईच्या दोन्ही हातांत तारा. या गावचं माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचं, एवढंच तिचं काम. दिवसाला शेकडो तारा. एखादी भलत्याच भोकात जायचीच. पलीकडून कुणीतरी खेकसायचं, आणि आई हातून पाणी सांडल्यावर म्हणावं इतक्या सहज म्हणायची, "थांबा हं, चूक माझी झाली."

काम हलकं असलं की ती गुणगुणायची. शब्द तिचे तिनंच जुळवलेले.

तार गं तारेला, जोडीते मी हातानं
कुणाचं हसू-रडू, जातं माझ्या कानानं

ती फळी मोडीत निघून जमाना झाला. मी आता जोडण्याचंच काम करते, फक्त माझ्या तारा कुणाला दिसत नाहीत. दवाखान्यांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर चालवतो. ज्याची उद्या तपासणी, त्याच्या फोनवर आज निरोप जातो. साधंच काम, पण निरोप गेला नाही तर एखाद्याचं डोळ्याचं ऑपरेशन महिनाभर लांबतं.

वर्ष संपताना आमच्याकडे प्रत्येकानं एक पान भरायचं असतं. तीन चौकोन. काय जमलं, काय जमलं नाही, पुढं काय. भरलेलं पान सगळ्यांसमोर वाचायचं. यंदा माझा पहिला चौकोन ओसंडून वाहत होता. तिसराही बरा होता. मधला मात्र आठवडाभर कोरा. रोज उघडायचे, त्याच्याकडे बघायचे, चहा प्यायचे, बंद करायचे.

त्या चौकोनात काय लिहायचं ते मला वर्षभर पाठ होतं.

आमच्याकडे दोन यंत्रं असतात. एक सरावाचं, त्यातले पेशंट खोटे. टिंगूआजी, ढोलूकाका, अशी नावं आम्हीच ठेवलेली. दुसरं खरं, त्यात खरी माणसं. पडद्यावर सरावाच्या खिडकीला वर हिरवी पट्टी, खऱ्या खिडकीला लाल, म्हणजे हात कुठं चाललाय ते कळावं. ती लाल पट्टी माझ्या डोळ्यांना खुपायची. मी सगळ्यांच्याच पडद्यांवरून दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. काळ्यावर पांढरं, छान शांत. महिनाभर काही झालं नाही. काही होत नाही, होत नाही, आणि मग एकदमच होतं.

वर्षाच्या सुरुवातीची एक सकाळ. मी आणि अक्का शेजारी शेजारी बसून निरोप धाडणारा नवा हुकूम सरावाच्या यंत्रावर तपासत होतो. दोघी हुकुमाची तीच ओळ टाइप करत होतो. अक्का पन्नाशीची. सासूच्या आजारपणात अकरा वर्षं घरी बसून पुन्हा कामाला आलेली. दोनच बोटांनी टाइप करायची, पण काय वेग! कुणी हसलं की म्हणायची, "हसा, हसा. बोटं म्हातारी झालीत, डोकं नाही."

मी ओळ मारली. तिच्यात होता टिंगूआजीसाठी मीच कधीतरी गमतीनं लिहिलेला निरोप. "आजी, उद्या तुमची तारीख आहे. या हं, वाट बघतो."

तो तीन हजार खऱ्या माणसांना गेला.

मिशीवाल्या ट्रकड्रायव्हरलाही "आजी" गेलं. ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण आम्हाला कळलं तेच दुसऱ्या दिवशी, दवाखान्यांच्या दारात माणसं उभी राहिली तेव्हा. कुणी रजा टाकून, कुणी दोन बस बदलून. एक म्हातारे गृहस्थ रक्ततपासणी असेल म्हणून उपाशीपोटी आले आणि बाकड्यावरच भोवळ येऊन पडले. सावरले ते, पण त्यांचं ते बाकडं अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

आमच्या धंद्यात एक चांगली रीत आहे. काही बिघडलं की अहवालात कुणाचंही नाव घालायचं नाही. काय झालं ते लिहायचं, कुणी केलं ते नाही. माणसाला झोडपून यंत्र सुधारत नाही, म्हणून. तेव्हा खऱ्या यंत्रावर आम्ही सगळे एकाच सामाईक नावानं शिरायचो, त्यामुळे नोंदीतही माणूस सापडेना. आमचा साहेब, ज्याला आम्ही मागून मुकादम म्हणतो आणि आता तो स्वतःही म्हणवून घेतो, एवढंच म्हणाला, "तुम्हा दोघींपैकी कुणाच्या तरी खिडकीतून गेलंय. नाव मला नकोच आहे."

अक्काचा चेहरा पडला. स्वतःच्या हातांकडे बघत ती म्हणाली, "माझ्याच हातून झालं असणार. मी त्याच मिनिटाला ती ओळ मारली होती, आणि खिडकी लगेच मिटली होती."

आणि माझ्यासमोर, माझ्या कालपासून उघड्याच राहिलेल्या खिडकीच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत खऱ्या यंत्राचं नाव होतं.

मी खिडकी बंद केली. टाइप केलेल्या ओळीही तिच्याबरोबर गेल्या. बंद करायला एक बोट पुरलं.

अक्काला कुणी हलवलं नाही. तिनंच फोनचं टेबल मागून घेतलं. पेशंटांच्या तक्रारी ऐकायच्या, तारखा सांगायच्या. "तिथं माझ्या बोटांपासून कुणाला धोका नाही," म्हणाली. सगळे हसले. नंतर कुठं काही अडकलं की एखादा हळूच म्हणायचा, "अक्काची खिडकी तर नाही ना?" तेव्हाही सगळे हसायचे. मीही हसले आहे. एकदा नाही, चारदा.

वर्ष मात्र वाईट गेलं नाही, हे नवलच. मी झपाटल्यासारखी कामाला लागले. लाल पट्टी आता काढताच येत नाही. खऱ्या यंत्रावर काही पाठवायचं तर आधी त्याचं नाव टाइप करावं लागतं. प्रत्येकाचा प्रवेश ज्याच्या त्याच्या नावानं. सगळ्यांनी पाठ थोपटली. पाठीवरची प्रत्येक थाप मला आत कुठंतरी लागायची.

आणि अक्का! फोनवर बसली ती कान लावूनच. एक दिवस उठून आमच्याकडे आली नि म्हणाली, "तुमचे निरोप माणसं वाचत नाहीत. सरकारी नोटिशीसारखे आहेत ते. पण त्या चुकीच्या निरोपाची लोक अजून आठवण काढतात बरं का. काल एक आजोबा विचारत होते, 'या हं' म्हणणारी पोरगी आहे का तिथं? म्हणे, मला इतकं प्रेमानं घरचं कुणी बोलावत नाही." आम्ही निरोपाचे शब्द बदलले. प्रत्येकाच्या शेवटी "या हं" घातलं. तारीख चुकवणारे कमी झाले. उपाशी आलेले ते गृहस्थही आता दर महिन्याला अक्काला फोन करतात, पोटात काय गेलं आणि काय नाही ते सविस्तर सांगतात.

मागच्या आठवड्यात चहाच्या यंत्रापाशी मुकादमानं मला गाठलं. "ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलणारा निरोप करायचाय. फोन जाईल आणि आवाज बोलेल. या कामाला माणसं ऐकलेलं माणूस हवं, आणि ज्याला यंत्रही कळतं."

"म्हणजे अक्का."

"अक्काच! पण ती नाही म्हणते. खऱ्या यंत्राला हात लावणार नाही म्हणते. आणि खरं सांगू का," त्यानं कपात फुंकर घातली, "जरा धाकधूक मलाही आहे. वर्षाअखेरच्या बैठकीत शेवटचं विचारतो. नाही म्हणाली तर बाहेरून माणूस घेऊ."

ती बैठक आज होती.

सकाळी आई खिडकीशी बसून कानातलं यंत्र पुसत होती. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं, आता तिला ऐकायला यंत्र लागतं. माझं पान समोर उघडं, मधला चौकोन कोरा.

"आई," मी विचारलं, "तार चुकली की तू लगेच सांगायचीस. भीती नाही वाटायची?"

"काय?"

"भीती!" मी ओरडले.

"ओरडतेस काय, घातलंय आता." तिनं यंत्र नीट बसवलं. "वाटायची की. वरची बाई फार खाष्ट होती. पण अगं, दोन माणसं तारेवर ताटकळलेली असायची. एक भलत्याशीच बोलतोय, दुसरा नुसताच वाट बघतोय. माझी भीती कुरवाळत बसले असते तर त्यांना कुणी जोडलं असतं?"

"आणि एखादी चूक लपवलीस कधी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कान गेले तरी तिचं ऐकणं गेलेलं नाही. कप उचलताना ती गुणगुणली.

चुकली जर तार, घडीत उसवीन
दोन जिवांमधी, गाठ नीट बसवीन

बैठकीची खोली लहान. एक टेबल, नऊ खुर्च्या, एक सदा करकरणारी. ती नेमकी माझ्या वाट्याला आली. अक्का समोर बसली होती, हात मांडीवर, टेबलाखाली. तिची पाळी आली तशी तिनं चष्मा चढवला.

"काय जमलं? ऐकणं जमलं," तिनं वाचलं. "काय जमलं नाही? हातांवरचा भरवसा परत आणणं."

कुणी हसलं नाही.

"अक्का, बोलणाऱ्या निरोपाचं काम तुमच्यासाठी ठेवलंय," मुकादम म्हणाला. "शेवटचं विचारतो."

"नको हो. निरोप बोलायला माझा आवाज हवा तर सांगा, तो देते. पण खऱ्या यंत्रावर मी नाही. एक माणूस पडला होता बाकड्यावर. पुन्हा माझ्या हातून तसं झालं तर?"

"बरं." मुकादमानं वहीत काहीतरी लिहायला पेन टेकवलं. "मग बाहेरून बघू. चला, पुढचं पान कुणाचं?"

माझं.

पहिला चौकोन मी वाचलाच नाही. मी उभी राहिले. खुर्ची करकरली. टेबलाच्या पलीकडे वर्षभर तारेवर ताटकळलेलं एक माणूस चष्म्यातून माझ्याकडे बघत होतं. पहिले शब्द मला शोधावे लागले नाहीत. ते सहाव्या वर्षापासून माझ्यापाशी होते.

"अक्का, थांब. चूक माझी झाली. त्या दिवशीचा निरोप माझ्या खिडकीतून गेला होता. मी ते तेव्हाच पाहिलं होतं, आणि खिडकी बंद केली होती. तुझे हात त्या दिवशीही बरोबरच होते."