कोटाची उन्हाळी सुटी

मी एक जुना काळा कोट आहे, मित्रांनो. कोपरांवर विरलोय, कॉलरवर घामाचे पांढरे डाग आहेत. हल्ली बोलतानाही धाप लागते, म्हणून थोडक्यातच सांगतो.

धारच्या बळवंतराव शिंप्यांनी मला शिवले. बाईमाणसाचा कोट त्यांनी जन्मात बेतला नव्हता, त्यामुळे खांदे ढगळ झाले. "राहू द्या, पुढेमागे भराल," ते म्हणाले. चारुलताबाई हसल्या आणि मला घालून सरदारपूरच्या कोर्टात उभ्या राहिल्या. तिथल्या त्या पहिल्या वकीलबाई.

उन्हाळ्यात तिथे वकिलांना कोटाची माफी असते. वैशाखात बाकीचे कोट खुंटीवर निवांत लोंबकळतात. पहिल्या उन्हाळ्यात बाईही मला घरी ठेवून गेल्या. दारावरच्या शिपायाला त्यांच्या गळ्यातला वकिलीचा पांढरा बँड दिसलाच नाही. त्याने त्यांना साक्षीदारांच्या बाकावर बसवले, आत पुकारा होऊन गेला आणि अशील एकटाच उभा राहिला. घरी येऊन बाई माझ्यात तोंड खुपसून रडल्या. त्यानंतर मला सुटी कसली! कडक उन्हात मी भिजायचो आणि अंगावरच वाळायचो. पुढे बाईंचे नाव झाले. लोक म्हणत, "कोट शोभतो हो!" त्याखालचे घामोळे कुणाला दिसणार?

आता बाई थकल्या, मीही. यंदा त्यांची भाची अवंती वकील झाली. ऐन वैशाखात तिची पहिली तारीख लागली. कोर्टाच्या व्हरांड्यात बाईंनी मला तिच्यापुढे धरले.

"घाल गं, नाहीतर बाहेर बसवतील."

"मावशी, गर्मी तर बघ! वकील मी आहे, कोट नाही."

ती तशीच निघाली. बाई मला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. त्यांची बोटे माझ्या बाहीत रुतली होती.

शिपाई म्हणालाच, "ओ बेन, गवाह उधर बैठेंगे."

"भिया, बँड दिख रहा है ना? वकील हूँ. अंदर जाने दो."

त्याने तिच्या गळ्याकडे नीट पाहिले आणि तो बाजूला झाला. थोड्या वेळाने आतून अवंतीचा आवाज येऊ लागला. बाईंची बोटे सैल पडली. त्यांनी मला झटकून माझी घडी घातली. "दमलास रे बाबा," एवढेच म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्या कोटाला अधूनमधून ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा. आणि भर उन्हाळ्यात कोर्टाच्या दाराशी एखादी बाई काळ्या कोटात घामाघूम दिसली, तर तिला आधी आत जाऊ द्या. कोट तिचा ती काढेल.