भोंग्याची तालीम

कोळशाच्या गावात काळा रंग आला. डबे भरून, कासाब्लांकाहून, सिनेमासाठी.

शाळेच्या मैदानात दोरीवर जुने कोट टांगले होते. एकाच्या खिशात कुणाचा तरी चष्मा निघाला.

हमामात, गावच्या सामाईक न्हाणीघरात, बायका एकमेकींची पाठ घासतात. यमना भिंतीकडे तोंड करून बसते. हात पोचेल तेवढीच पाठ घासायची.

दुपारपर्यंत कोंबडे कोंडून ठेवा, आवाज नको, असं सांगत सिनेमावाल्यांची एक मुलगी दारोदार फिरली.

तीच मुलगी यमनाच्या दारात थांबली. "मावशी, तुम्हीही या ना. खाणकामगारांच्या बायका हव्यात. खऱ्या."

पीठ मळता मळता यमनाने विचारलं, बाकीच्यांना चालेल का? मुलीला प्रश्नच कळला नाही. कळणार तरी कसा? सिनेमा ज्या संपावर होता, त्या संपाच्या हिवाळ्यात सगळं गाव घरी बसलं असताना यमनाचा नवरा बुअझ्झा बाहेरगावाहून आणलेल्या माणसांसोबत पोलिसांच्या गाडीतून जाऊन खाणीत उतरला होता. गावातला तो एकटाच. का गेला, ते त्याने यमनालाही सांगितलं नाही. पुढे खाण बंद पडली, धुळीने भरलेली बुअझ्झाची छातीही बंद पडली, मुली लग्न होऊन समुद्रापार गेल्या. गावाने कधी शिवी दिली नाही की दगड मारला नाही. यमना दुकानात शिरली की चाललेलं बोलणं थांबायचं, एवढंच. बुअझ्झा गेल्यावरही ते थांबतच राहिलं.

तरी ती गेली. सिनेमात का होईना, त्यांच्या ओळीत बसायला मिळेल म्हणून. घरून निघताना तिने मस्मन, घडीचे पराठे, भाजून फडक्यात बांधून घेतले, आणि मग ओट्यावरच ठेवून दिले. घेतले कुणी नाहीत तर?

खाणीच्या फाटकासमोर बायकांनी नकली पोलिसांपुढे बसून वाट अडवायची होती. रकिया मधोमध बसली होती. तिचा नवरा संपाचा पुढारी. तो वारल्यापासून पुढारीपण तिच्याकडे आलं होतं.

"हिला पोलिसांच्या बाजूला बसव गं," रकिया त्या मुलीला म्हणाली. "तिकडे ओळख आहे तिची."

बायका हसल्या. थट्टा समजून मुलगीही हसली आणि तिने यमनाला नेमकं रकियाच्याच शेजारी बसवलं. रकियाने आपली चादर ओढून घेतली. दोघींत हातभर जागा राहिली.

पहिला टेक. दिग्दर्शक, पोरसवदा माणूस, कर्ण्यातून विनवत होता की चिकटून बसा, तुम्ही सगळ्या एक आहात.

दुसरा टेक. हातभर जागा तशीच.

तिसरा टेक. कॅमेरा थोडा डावीकडे सरकवला. आता जागा दिसत नव्हती.

मग चहाची सुट्टी झाली. पेले हातोहात पुढे गेले. यमनाचा पेला त्या मुलीने आणून दिला. यमनाने पहिला घोट घेतला आणि भोंगा वाजला.

आवाजवाल्याने तो जुना भोंगा कुठून तरी दुरुस्त करून आणला होता आणि चालतो का ते बघत होता. पाळी बदलल्याचा भोंगा आखूड असे. हा लांब होता, थांबेचना. लांब भोंगा म्हणजे खाली काहीतरी कोसळलं.

पेले पडले. सगळ्या बायका उठल्या आणि खाणीच्या तोंडाकडे धावत सुटल्या. गुडघे दुखणाऱ्या, दम लागणाऱ्या, दोन-दोन काठ्यांवर चालणारी एक. चपला मागे राहिल्या. कुणीतरी यमनाचा हात धरला आणि ओढला. "चल गं, चल, बघतेस काय?" यमना धावली. तो हात घामेजलेला होता आणि घट्ट होता, आणि तो सुटू नये म्हणून ती जिवाच्या आकांताने धावली.

खाणीच्या तोंडावर सिमेंटची लादी होती. खाण बंद झाली तेव्हापासूनची. बायका तिच्यापाशी येऊन थांबल्या आणि भोंगाही थांबला. कुणी कुणाकडे बघेना.

रकियाने मात्र पाहिलं, आपण कुणाचा हात धरलाय ते.

"तू कशाला धावलीस?" ती धापा टाकत म्हणाली.

"भोंगा वाजला."

रकियाने हात सोडला. लादीकडे बघत तिने डोक्यावरचा रुमाल नीट बांधला.

दिग्दर्शक धावत आला. त्याचे डोळे भरले होते. असं कधी पाहिलं नव्हतं म्हणाला, कॅमेरा बंद होता म्हणाला, एकदाच, मावशी, अगदी असंच पुन्हा.

सगळ्या फाटकाशी परत येऊन बसल्या. पुन्हा भोंगा वाजला. बायका धावल्या, ओरडल्या, एकीने तर छातीही बडवून घेतली. यमना बसून राहिली. तिला कुणी उठवलं नाही.

संपाच्या हिवाळ्यात, बुअझ्झा खाली असताना, एका सकाळी भोंगा असाच लांब वाजला होता. तेव्हा या रस्त्यावरून यमना एकटीच धावली होती.