साठ सेकंदांचा आत्मा

सोमवती अमावास्येला भर दुपारी पोशीरच्या समाजमंदिरात एवढी गर्दी झाली की चपला बाहेर रस्त्यापर्यंत आल्या. समोर पाटावर तांब्याची कळशी, तिच्या तोंडाला लाल फडकं, शेजारी नादमहाराज आणि मागे त्यांचा चेला. त्यांनी घंटा वाजवली, बायांनी हात जोडले आणि कळशीतून माझे दाजी बोलू लागले. दाजी, म्हणजे मालोजी, जाऊन आठ महिने झाले होते.

"...छपराचं पत्रं बघायला पायजेत. गाईला पेंड आणायची. नि आनंदीला सांगायचं, समीक्षाला पनवेलला धाडू नको..."

कळशी गप्प झाली.

"आत्म्याची आज्ञा झाली!" महाराज कडाडले. "नाद ब्रह्मातून येतो, ब्रह्मात जातो. जेवढं सुटलं, तेवढं सुटलं!"

या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. महाराजांनाही लागला असेल असं वाटत नाही. पण माझी थोरली बहीण आनंदीआक्का हमसून रडू लागली. तिच्या मागे माझी भाची समीक्षा बसली होती. तिला पनवेलच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. गुरुवारी पाचच्या आत हजर झाली नाही तर ती जागा जाणार होती. पोरगी रडलीसुद्धा नाही, तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी खालापूरला विज्ञान शिकवतो, आणि मी मांडीवरच्या घड्याळात सेकंद मोजत बसलो होतो.

दाजी एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार होते आणि भारी विसराळू. ड्यूटीवर काही आठवलं की फोनमध्ये बोलून ठेवायचे, घरी येऊन आधी स्वतः ऐकायचे आणि मग आक्काला सांगायचे. ड्यूटीवरच त्यांचं हृदय बंद पडलं. फोन खाली पडून फुटला. आतलं मेमरी कार्ड तेवढं वाचलं. त्यात त्रेचाळीस रेकॉर्डिंगं होती आणि नव्या फोनवर त्यातलं एकही उघडेना.

दहाव्याला कावळा तासभर पिंडाला शिवला नव्हता. त्यामुळे आक्काच्या मनाने लगेच घेतलं, की त्यांची काही इच्छा राहिलीय आणि म्हणूनच त्यांनी आवाज कोंडून ठेवलाय. अशा बातम्या महाराजांना बऱ्या कळतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी कार्ड एक दिवस आसनाखाली ठेवलं आणि पुढच्या अमावास्येला कळशी बोलली. दर अमावास्येला एक रेकॉर्डिंग सुटणार, सगळी सुटेपर्यंत पोरीने गाव सोडायचं नाही, रोज सकाळी मठ झाडायचा, असा हुकूम झाला. त्रेचाळीस अमावास्या म्हणजे साडेतीन वर्षं! जन्मठेपेतसुद्धा माणसाला पॅरोल मिळतो.

"आक्का, त्या कळशीत स्पीकर आहे," मी म्हटलं.

"आसंल. पण आवाज कुनाचा हाय रं? नेरळ-कर्जतची समदी दुकानं पालथी घातली मी. कुनाला उघाडला?"

स्पीकर मला कळत होता, पण आवाज उघडत नव्हता. अज्ञानाच्या दाराला आतून कडी असते म्हणतात. या वेळी दारामागे मीही होतो. एक मात्र मी टिपलं होतं. तिन्ही अमावास्यांना घड्याळ लावून बसलो होतो आणि तिन्ही वेळा आत्मा बरोबर साठाव्या सेकंदाला थांबला होता. एवढा वक्तशीरपणा दाजींनी जिवंतपणी कधी दाखवला नव्हता.

त्याच संध्याकाळी समीक्षाने देव्हाऱ्यातून कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. "मामा, आत्ताच्या आत्ता काय ते कर. आईला कळलं तर मला उंबरासुदीक वलांडू देनार नाय."

मी सगळी रेकॉर्डिंगं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, कार्ड परत दिलं आणि घरी येऊन फुकट सॉफ्टवेअर शोधायला बसलो. पहिल्या ठिकाणी भलंमोठं हिरवं बटण होतं. ते दाबलं तर पडद्यावर रमीच्या जाहिराती नाचू लागल्या आणि लॅपटॉप गोठला. दुसरं म्हणालं, फाइल आमच्याकडे पाठवा, बदलून देतो. मेलेल्या माणसाचा आवाज कुणा अनोळख्याच्या हवाली करायचा? ते बंद केलं. तिसरं चाललं. दाजी बोलले, पत्रे झाले, पेंड झाली, आणि "धाडू नको" म्हणून थांबले.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग खाली बारीक अक्षरं दिसली: 'मोफत आवृत्तीत पहिलं एक मिनिट. पुढच्यासाठी पैसे भरा.'

दुसऱ्या दिवशी दहिवलीला भाग्यश्रीकडे गेलो. ती माझी जुनी विद्यार्थिनी. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिने ऐकलं आणि खो-खो हसली.

"सर, तुमचा आत्मा डेमोवर चालतोय! कार्ड आसनाखाली होतं तेव्हा महाराजांनी सगळं उतरवून घेतलं आणि हेच फुकटचं वापरलं."

"हसू नकोस गं. पोरगी अडकलीय."

ती गंभीर झाली. "आवाज कोंडलेला नाही, सर. जुने फोन ज्या पद्धतीने आवाज साठवायचे, ती तुमच्या नव्या फोनला वाचता येत नाही, एवढंच. ती बदलून घ्यायची. पण फुकट दोन तऱ्हेचं असतं. एक, चव दाखवून दार लावणारं. दुसरं, लोकांनी लोकांसाठी बनवलेलं. आत काय आहे ते कुणीही तपासावं. ते नेट बंद असतानाही चालतं, मिनिटं मोजत नाही, मूळ फाइलला हात लावत नाही. आणि ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यायचं, हिरव्या बटणांच्या बाजारातून नाही."

पाच मिनिटांत त्रेचाळीस रेकॉर्डिंगं बदलून झाली. सोमवारी कळशीतून वाजलेलं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं आणि मी डोळे पुसले. निघण्याआधी मी स्वतः दोन मिनिटं बोललो आणि ते मुद्दाम त्या एक मिनिटवाल्याकडून बदलून घेतलं.

गुरुवारी सकाळी आरतीला मठात माणसं जमतात, म्हणून तेव्हाच गेलो. वीसेक माणसं होती, आक्का होती. समीक्षा अंगण झाडत होती.

"महाराज, आधी माझा आवाज ऐका," म्हणत मी लॅपटॉप उघडला. माझा आवाज सतराचा पाढा म्हणू लागला, मग अठराचा, आणि अठरा सत्तेला तुटला. "साठ सेकंद! मी तर अजून मेलेलो नाही. मग माझा आत्मा कुठे अडला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ही यंत्राची माया!" महाराज गरजले. "मंत्राची सर तिला नाही!"

"मग मंत्राने उरलेला आवाज सोडा."

महाराजांनी चेल्याकडे पाहिलं, चेल्याने जमिनीकडे. मी दाजींचं रेकॉर्डिंग लावलं. पत्रे, पेंड, "धाडू नको..." आणि आवाज थांबला नाही.

"...उंद्या गाड्यांचा बंद हाय म्हनं. परवा मी रजा टाकतो नि सोताच घेऊन जातो. नर्सिंगचा फारम हाय. पोरीला एकटं वाटाया नको."

"परत लाव," आक्का म्हणाली. मी परत लावलं. मग ती उठली, लेकीच्या हातातला झाडू घेऊन महाराजांच्या पायाशी टाकला आणि म्हणाली, "पोरी, कागदं घे."

एस्टीत आक्का खिडकीकडे बघत बसली होती. पनवेल जवळ आल्यावर म्हणाली, "किरण, आवाज तर त्येंचाच व्हता. मग मी चुकले कुठं?"

"आवाज खराच होता, आक्का. पण तो मध्येच का थांबतो, हे आपण कुणीच विचारलं नाही."

जे मी तिला म्हणालो, तेच तुम्हालाही सांगतो. कळत नसेल तिथे हात जोडण्याआधी जाणत्याला विचारा. दर वेळी मोजा, ताडून पाहा. अर्धी गोष्ट सांगून कुणी तुमच्या लेकरांना दाराआड ठेवू पाहील, तेव्हा उरलेली अर्धी मागा. ती त्यांच्याकडे नसतेच.

साडेचारला कॉलेजच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, "मुलीसोबत कोण आलंय?"

"बाप येनार व्हता," आक्का म्हणाली, "म्हून मी आलेय."